गिऱ्हाईक एलईडी बल्ब नेमका कशासाठी घेतं? काउंटरवरून दिसलेलं

काउंटरवरून (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. कराड भागात बाजारपेठेच्या एका गावात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आबांनी (माझे वडील) १९८४ साली टाकलं, मी १९९८ पासून काउंटरला उभा आहे. गेल्या आठवड्यात भाचीनं कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारलं, "मामा, लोकांनी साधे बल्ब सोडून एलईडी का घेतले?" मी हातातलं काम न सोडता म्हणालो, "वीज वाचते म्हणून." ती लिहून घेऊन गेली.

रात्री शटर ओढताना मात्र ते उत्तर मला खटकायला लागलं. इतक्या वर्षांत "तुमच्या बल्बमुळं माझं बिल कमी आलं" असं सांगायला एकही माणूस दुकानात परत आलेला नाही. "उजेड झक्क पडतो" म्हणणारे मात्र शेकडो आले. मग आपण लोकांच्या तोंडी "वीज वाचते" का घालतो? भाचीला फोन करून सांगितलं, ते खोड, मी नीट विचार करून सांगतो. तो विचार इथं मांडतोय.

आधी हिशोब, कारण तो खराच आहे. साठ वॅटच्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिटांहून थोडी जास्तच वीज वाचते. घरात असे चार दिवे असले तर तीस युनिटं. आपल्याकडं घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढचा दर आधीच्या दराच्या दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळं सव्वाशे-दीडशे युनिटं वापरणाऱ्या घराला ही तीस युनिटं महागातल्या महाग टप्प्यातून सुटतात. बल्बचे पैसे दोन महिन्यांच्या आत वसूल होतात. इतका सरळ फायद्याचा व्यवहार माझ्या दुकानात दुसरा नाही.

तरीही हा हिशोब सांगून मी २००८-०९ च्या सुमारास सीएफएल (ते वळलेल्या नळीचे दिवे) विकायला बघायचो, तेव्हा काय व्हायचं? साधा साठचा बल्ब आठ-दहा रुपयांना, सीएफएल सव्वाशे-दीडशेला. मी पाकिटाच्या मागं पेनानं आकडे मांडून दाखवायचो. समोरचा माणूस मान डोलवायचा, "बरोबर आहे तुमचं" म्हणायचा आणि साठचाच बल्ब घेऊन जायचा. पूर्वी मला वाटायचं, त्यांना हिशोब कळत नाही. आज तसं वाटत नाही. बल्ब आणायला पाठवलेल्या माणसाच्या खिशात बल्बपुरतेच पैसे असतात. दीडशे रुपये काढायचे तर घरी विचारायला लागतं. घरी जाऊन विचारून परत येणारं गिऱ्हाईक शंभरात पाच. शिवाय वाचणारी वीज कुणाला दिसत नाही. बिल येतं ते सगळ्या घराचं, त्यात उन्हाळ्याचा पंखा, पाहुणे, मुलीचं बाळंतपण, सगळं मिसळलेलं. त्यातून एका बल्बची बचत कोण वेगळी काढणार?

मग सीएफएल विकला गेला तो कशामुळं? माझ्या डोळ्यांदेखत सांगतो, लोडशेडिंगमुळं. २००५ नंतरची ती सात-आठ वर्षं आठवा. ग्रामीण भागात रोजचे आठ-दहा तास लाईट नाही. ज्यांना परवडत होतं त्यांनी इन्व्हर्टर बसवले, आणि घरात पहिल्यांदा "वॅट" हा शब्द आला. साठचे दोन बल्ब लावले की बॅटरी बसते, चौदाचे दोन सीएफएल लावले की मुलाचा अभ्यास संपेपर्यंत टिकते. हे कुणाला समजावून सांगायला लागलं नाही. बिलात न दिसणारी बचत बॅटरीत त्याच रात्री दिसायची. इन्व्हर्टर घेतलेलं घर आठवड्याच्या आत सीएफएल न्यायला यायचं, ठरलेलं.

दुसरी गोष्ट भरवशाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१३ च्या पावसाळ्याआधी एका नव्या कंपनीचा माणूस दुकानात आला. एलईडी बल्ब, दोन वर्षांची गॅरंटी, मार्जिन चांगलं. मी शंभर नग घेतले. आबा नको म्हणत होते. साडेतीनशेचा एक, असे ओळखीतल्या लोकांना आग्रह करून विकले, कारण मला स्वतःला ती वस्तू मनापासून आवडली होती. गणपती येईपर्यंत चाळीसेक नग परत आले. त्या माणसाचा फोन बंद. शेवटी आबांनी गल्ल्यातून एकेकाचे पैसे परत दिले. त्यातले एक निवृत्त गुरुजी पैसे घेईनात, म्हणाले, "राहू दे, पण पुन्हा असलं काही देऊ नकोस बाबा." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. पुढं तीन वर्षं गुरुजींच्या घरी साधाच बल्ब जायचा. एक बल्ब बंद पडतो तेव्हा त्या गल्लीतली दहा घरं मागं सरकतात, हे मी तेव्हा शिकलो.

तेव्हापासून आमच्याकडं एक पद्धत आहे. प्रत्येक बल्ब गिऱ्हाइकासमोर टेस्टिंग बोर्डाच्या होल्डरला लावून दाखवायचा, मग मार्करनं त्याच्या कॅपवर तारीख टाकायची. "गेला तर डबा आणि बिल नसलं तरी चालेल, हा बल्ब आणा, तारीख बघून बदलून देतो." ही तारीख टाकताना गिऱ्हाईक ज्या नजरेनं बघतं ना, तिथंच विक्री होते. पाकिटावरचे तास कुणी वाचत नाही.

तिसरी गोष्ट सरकारच्या उजाला योजनेची. जानेवारी २०१५ मध्ये ती सुरू झाली, आणि आपल्या राज्यातही वाटपाची टेबलं लागली. बाजारात तीनशेच्या वर असलेला बल्ब तिथं शंभराच्या घरात, तोही रोख नको असेल तर दहा रुपये देऊन, उरलेले बिलातून हप्त्यानं. खरं सांगतो, तेव्हा आम्हा दुकानदारांचा जीव कळवळला होता. मी स्वतः महिनाभर धुसफुसत होतो. पण वर्षभरानं जे दिसलं ते वेगळंच. टेबलावरून बल्ब नेलेल्या बायका तिसरा-चौथा बल्ब घ्यायला माझ्याकडं यायला लागल्या, "तसलाच पांढरा द्या" म्हणत. ज्या वस्तूवरचा विश्वास मी शंभर नग विकून घालवला होता, तो त्या टेबलानं परत आणून दिला. आणि तोवर दुकानातली किंमतही शंभराखाली आली होती.

तर माझं म्हणणं इतकंच. माणूस बचतीसाठी बल्ब बदलत नाही. किंमत खिशात मावली, बंद पडल्यावर कुठं जायचं ते माहीत असलं आणि उजेड पहिल्यापेक्षा चांगला पडला, की बदलतो. तुमच्या घरी पहिला एलईडी कधी आणि कुणी आणला? आठवून लिहा. भाचीला दाखवायचं आहे.

---

रानजाई:

दादा, फार मनापासून लिहिलं आहे, धन्यवाद. तारीख टाकण्याची गोष्ट वाचून माझ्या माहेरचं दुकान आठवलं.

आमच्याकडे (डोंबिवली, भाड्याचं घर) पहिला एलईडी मी आणला, २०१६ मध्ये, आणि तो स्वयंपाकघरासाठी. कारण सासूबाई. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि साठच्या पिवळ्या बल्बखाली त्यांना तांदळातले खडे दिसत नव्हते. दिसत नाही हे त्या कुणाला सांगत नव्हत्या. जेवताना दाताखाली खडा आला की गप्प व्हायच्या. मी नऊ वॅटचा पांढरा बल्ब लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताट घेऊन ओट्याशीच बसायला सुरुवात केली. वीजबिलाचा विचार माझ्या मनात खरंच नव्हता.

भाड्याच्या घराचा मुद्दा कुणी मांडत नाही म्हणून मांडते. आमच्या हॉलमधली ट्यूबची पट्टी घरमालकांची. जुना पत्र्याचा चोक, स्टार्टर फडफड करणारा. चाळीसची ट्यूब आणि वर चोक दहा-बारा वॅट खातो. ती बदलायचा खर्च मी का करू, आणि बिल मी भरते तर मालक का करतील? सात वर्षं ती पट्टी तशीच राहिली. बल्ब मात्र आम्ही लगेच बदलले, कारण होल्डर तोच, स्टुलावर चढून फिरवला की झालं, आणि घर सोडताना काढून नेता येतो. तिसरं घर सोडताना मी सगळे एलईडी काढून साधे बल्ब परत लावले होते, तेही जपून ठेवलेले! एलईडी इतक्या पटकन पसरला त्याचं अर्धं श्रेय मी त्या जुन्या पिनच्या होल्डरला देईन.

---

वायरमन_सातारकर:

मालक, एकदम बरोबर. पण वाडी-वस्तीवर एक कारण तुम्ही लिहिलं नाही, ते व्होल्टेजचं.

डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब शेवटच्या घराला संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं, कधी त्याच्याही खाली. साधा बल्ब तेवढ्यावर निखाऱ्यागत लाल होतो, उजेड निम्म्याच्याही खाली, तिसरा हिस्सा म्हणा. सीएफएल आणि ट्यूब तर बऱ्याचदा पेटायलाच तयार नसायच्या. चांगला एलईडी त्याच व्होल्टेजला पूर्ण उजेड देतो. २०१६-१७ ला मी एका वस्तीवर एका घरात बल्ब लावला, संध्याकाळी शेजारची चार माणसं अंगणात बघायला आली. "ह्यांच्याकडं लाईट पूर्ण कशी काय येतीया?" असं विचारायला. लाईट सगळ्यांकडं तेवढीच होती. आठ दिवसांत त्या वस्तीवर मी बावीस बल्ब लावले. बिलाचं कुणी विचारलं नाही.

आणि एक तक्रार मला आठवड्यातून एकदा तरी येतेच. "बटण बंद केलं तरी बल्ब मंद मंद पेटतोय, मीटर पळत असणार." काही बायका घाबरून बल्ब काढून ठेवतात आणि परत साधा लावतात. ह्याचं कारण बहुतेक वेळा जुनं वायरिंग असतं. बटण फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) पाहिजे, ते न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलेलं असतं. साध्या बल्बला तेवढ्या बारीक करंटनं काही होत नव्हतं, म्हणून तीस वर्षं कळलं नाही. एलईडीनं ते दाखवून दिलं. बिलाला फरक नगण्य पडतो, पण बटण बंद असताना होल्डर जिवंत राहतो, हे धोक्याचं. बल्ब बदलताना हात लागला तर झटका बसतो. वायरमनला बोलवून बोर्डात अदलाबदल करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. (बटणात लाल इंडिकेटर असला तरी असं होतं, तिथं घाबरायचं कारण नाही.)

---

सोल्डरगन:

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो, ड्रायव्हर डिझाइन. काउंटरवरून यांच्या शंभरातल्या चाळीस बल्बांबद्दल दोन शब्द.

पाकिटावर पंचवीस हजार तास लिहितात ते मुख्यतः आतल्या एलईडी दाण्यांचं आयुष्य असतं. बल्ब मरतो तो बहुधा ड्रायव्हरमुळे, म्हणजे कॅपमध्ये बसवलेल्या छोट्या सर्किटमुळे. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं वाळतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून बंद काचेच्या गोल शेडमध्ये किंवा पत्र्याच्या छताला चिकटून लावलेला बल्ब लवकर जातो. सगळ्यात स्वस्त बल्बांत तर वेगळा ड्रायव्हरच नसतो, दाण्यांच्या पाटीवरच एक चिप बसवलेली असते. असा बल्ब नीट बनवता येतो, पण स्वस्तात बनवला की व्होल्टेज उसळल्यावर तो तग धरत नाही. मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा, स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब लुकलुकतोय.

बंद पडलेला बल्ब उघडलात तर बऱ्याचदा एका दाण्यावर काळा ठिपका दिसेल. सगळे दाणे एका माळेत जोडलेले असतात, एक गेला की माळ तुटते. गावोगावी मुलं तो दाणा काढून तिथं डाग देऊन बल्ब चालू करतात. चालतो, पण उरलेल्या दाण्यांवरचा ताण वाढतो. ज्याला ही कला येते त्याच्याबद्दल मला आदरच आहे, फक्त मेन्सला जोडलेला असताना हात लावू नका.

घेताना वॅटपेक्षा ल्यूमेन (उजेडाचं माप) बघा. साठच्या साध्या बल्बचा उजेड सातशे ल्यूमेनच्या आसपास असायचा. चांगला नऊ वॅटचा एलईडी नऊशेच्या आसपास देतो. भारतीय मानक ब्युरोचा आर-नंबर (नोंदणी क्रमांक) आणि बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) स्टार, दोन्ही पाकिटावर असावेत.

माझ्या मते धाग्यातला मुख्य मुद्दा भरवशाचाच आहे. आम्ही कारखान्यात पाच-सात रुपये वाचवायला स्वस्तातला कपॅसिटर घालतो तेव्हा ते पैसे गुरुजींसारख्या माणसाकडून वसूल होतात. हे मी आमच्या मीटिंगमध्ये पुढच्या वेळी बोलणार आहे.

---

निवृत्तीनंतर:

मी वीजपुरवठ्याच्या क्षेत्रात लेखा विभागात तीस वर्षं काढली. धागाकर्त्यांशी मी पूर्ण सहमत नाही. किंमत हेच मुख्य कारण, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आकडे बघा. उजाला योजना चालवणारी एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस ही सरकारी कंपनी २०१४ च्या सुरुवातीला जो बल्ब ३१० रुपयांना खरेदी करत होती, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांना मिळायला लागला. अनुदान न देता. देशभरची मागणी एकत्र करून कोट्यवधी नगांच्या निविदा काढल्या, कारखानदाराला खात्रीचं मोठं गिऱ्हाईक मिळालं, त्यानं भाव पाडला. पुढे योजनेतून छत्तीस कोटींच्या वर बल्ब गेले, त्यातले दोन कोटींहून जास्त महाराष्ट्रात. भरवसा, उजेड हे गुण २०१३ सालीही एलईडीत होतेच की. ३५० रुपयांना ते कोण घेणार होतं?

---

काउंटरवरून:

काका, आकड्यांबद्दल आभार. अनुदान नव्हतं हे मला माहीत नव्हतं, मी इतकी वर्षं उलटंच धरून चाललो होतो.

पण एक विचारतो. २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली होती, जुना बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या, अशी. तुम्हाला आठवत असेल. पंधरा रुपये म्हणजे किंमतीचा अडसर संपलाच. मग सीएफएलनं साधा बल्ब का नाही संपवला?

---

निवृत्तीनंतर:

चांगला प्रश्न आहे. त्या योजनेत उरलेला खर्च कार्बन क्रेडिट (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) विकून भरून काढायचा होता. आंतरराष्ट्रीय बाजारात क्रेडिटचे भाव कोसळले आणि गुंतवणूक करणाऱ्यांचा रस संपला. म्हणजे किंमत कृत्रिमरीत्या खाली आणली होती, ती तिथे टिकली नाही. उजालामध्ये किंमत खरोखरच खाली आली, म्हणून योजनेबाहेरच्या दुकानातही ती खालीच राहिली. हा फरक महत्त्वाचा.

मात्र तुमचा रोख मी समजलो. सीएफएलची उजेडाची तक्रार होतीच. बटण दाबल्यावर मिनिटभर मंद, सारखं चालू-बंद केलं की लवकर जाणार, आणि फुटला तर आत पारा. न्हाणीघरात लावायला आमच्याच घरी विरोध होता. तेवढं मी मान्य करतो: स्वस्त असूनही नकोशी वस्तू माणूस एकदाच घेतो.

---

राईनकाठ:

कोल्हापूरची, आता पंधरा वर्षं जर्मनीत, कलोनला. इथली गोष्ट अगदी उलट्या बाजूने घडली, म्हणून लिहिते.

युरोपियन संघाने साधे बल्ब नियमानेच बंद केले, टप्प्याटप्प्याने. सप्टेंबर २००९ मध्ये शंभर वॅटचे, मग दर वर्षी एकेक पायरी खाली, २०१२ पर्यंत सगळे. मी तेव्हा नवीनच आले होते. माझ्या घरमालकीणबाई, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी तळघरातल्या फडताळात साठ वॅटच्या बल्बांचे खोके रचून ठेवले होते. मला वाटलं, पैशासाठी. तर नाही. त्या म्हणाल्या, सीएफएलच्या उजेडात जेवणाचं टेबल दवाखान्यासारखं दिसतं. इथे संध्याकाळी घरात पिवळा, मंद, कोपऱ्या-कोपऱ्यातला उजेड लागतो. छताचा एक झगझगीत दिवा त्यांना असह्य होतो. आपल्याकडे पांढरा लखलखीत उजेड म्हणजे घर संपन्न, इथे तोच म्हणजे कचेरी.

त्यांनी एलईडी स्वीकारला तो जुन्या बल्बसारखी काच आणि आत तारेसारख्या पट्ट्या असलेले, पिवळ्या उजेडाचे, २७०० केल्व्हिनचे बल्ब दुकानात आले तेव्हा. वीज इथे खूप महाग आहे, बचत कितीतरी जास्त, तरी त्यांना रंग जुळेपर्यंत थांबायचं होतं. खोके अजून तळघरात आहेत.

रानजाईताई, तुमच्या होल्डरच्या मुद्द्यावर: इथे भाड्याच्या घरात बहुतेक वेळा दिवेच नसतात. छतातून दोन तारा लोंबत असतात, दिवा भाडेकरूने आणायचा आणि जाताना न्यायचा. पहिल्या रात्री मी मोबाईलच्या उजेडात वरण-भात केला होता. पण त्यामुळे दिवा आणि बिल दोन्ही एकाच माणसाचं राहतं, हे तुमचं वाचून आज लक्षात आलं.

---

ओतूरकर_शेतकरी:

जुन्नर तालुका. आमच्याकडं बिबट्याची भीती असल्यानं अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवावाच लागतो. पूर्वी साठचा बल्ब होता, तो आई झोपताना बंद करायची, बिल येतं म्हणून. मग गोठ्याकडं जायचं तर बॅटरी घेऊन. आता नऊचा एलईडी संध्याकाळी लावला की उजाडल्यावरच बंद. दहा तास धरले तरी महिन्याला तीन युनिटंसुद्धा नाहीत, साठच्या बल्बला अठरा लागली असती. म्हणजे आम्ही दिवा जास्त वेळ जाळतो आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. आई रात्री दोनला उठून निर्धास्त गोठ्यात जाते.

पण शंभरचा साधा बल्ब मी अजून आणतो. पोल्ट्रीत पिल्लं येतात तेव्हा पहिले आठ-पंधरा दिवस त्यांना ऊब लागते. साध्या बल्बची नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच जाते, तीच तिथं कामाची. एलईडी लावला तर पिल्लं गारठून मरतील. दुकानदारांनी हे बल्ब ठेवणं बंद करू नये.

---

काउंटरवरून:

ठेवतो, ठेवतो. वरच्या फळीवर शंभरचे दोन खोके कायम असतात, पोल्ट्रीवाल्यांसाठीच.

आणखी एक आठवलं, झिरोचा बल्ब. देवघरात चोवीस तास पेटणारा, लाल नाहीतर हिरवा. "झिरो" म्हणजे वीज शून्य असं आमच्या आजीपासून सगळ्यांना ठाम माहीत. प्रत्यक्षात तो पंधरा वॅटच्या आसपास खातो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढ्या थोड्या लोडला चकती हलायचीच नाही, म्हणून नाव झिरो पडलं म्हणतात. मीटर इलेक्ट्रॉनिक झाले आणि तो मोजला जायला लागला, पण नाव तेच राहिलं. चोवीस तास, महिनाभर, म्हणजे जवळपास अकरा युनिटं. अर्ध्या वॅटचा एलईडी नाईट लॅम्प लावला तर अर्ध्या युनिटाच्याही आत. घरातल्या एका बल्बमधून एवढी बचत सहसा दुसरीकडं कुठं नाही, आणि तोच बदलायला लोक सगळ्यात शेवटी तयार होतात. देवापुढचा दिवा ना. मीही तिथं आग्रह करत नाही.

---

रानजाई:

दादा, आमच्या देवघरात तोच आहे! सासूबाई म्हणतात, "तो झिरोचा आहे, त्याला काय लागतंय." आज त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

---

सोल्डरगन:

ताई, सांगू नका, दाखवा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला बारीक अक्षरात एका युनिटाला किती लुकलुका ते छापलेलं असतं, बहुतेक मीटरवर ३२०० असतं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचं बटणही, आणि फक्त झिरोचा बल्ब ठेवा. पंधरा वॅटला तासाला ४८ लुकलुका, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक पडेल.

---

वायरमन_सातारकर:

ही युक्ती लय भारी. उद्यापासून मी पण दाखवतो लोकांना.

---

राईनकाठ:

मीटर मोजण्यावरून आठवलं. आपल्याकडे कमी विजेचे पंखे आलेत ना, बीएलडीसी? आई-बाबांसाठी पाठवावेत का विचारत होते. बल्बसारखे ते पटकन का पसरत नाहीत?

---

काउंटरवरून:

ताई, जरूर पाठवा. साधा पंखा पंचाहत्तर वॅट, हा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटं वाचतात, म्हणजे दोन बल्बांइतकी. पण किंमत साध्या पंख्याच्या जवळपास दुप्पट, बसवायला वायरमन लागतो, आणि भिंतीवरचा रेग्युलेटर जाऊन हातात रिमोट येतो. रिमोट हरवला की म्हातारी माणसं अडकतात, म्हणून घेताना रिमोट वेगळा मिळतो का ते विचारा. शिवाय जुना पंखा बंद पडलेला नसतो. बल्ब मरतो म्हणून माणूस दुकानात येतो. पंखा वीस वर्षं मरतच नाही, मग तो बदलायची वेळ येणार कधी? माझ्या घरी आबांच्या खोलीत त्यांनी १९८९ साली बसवलेला पंखा आहे. तो काढू का, हे मी अजून त्यांना विचारू शकलेलो नाही.

---

रानजाई:

तीन दिवसांनी लिहिते आहे. रविवारी सकाळी केलं. सगळं बंद केलं, सासूबाईंना जिन्याखालच्या मीटरसमोर खुर्ची टाकून दिली, लेक घड्याळ धरून उभी. पहिली लुकलुक आली, मग वाट बघणं. ७२ सेकंद, ७४, ७३. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मग लेकीनं वर जाऊन झिरोचा बल्ब काढला आणि मी आणलेला अर्ध्या वॅटचा लाल लावला. दहा मिनिटं बसलो, लुकलुक आलीच नाही. "बिघडलं वाटतं मीटर," असं म्हणून त्या स्वतः जिना चढून बघून आल्या, दिवा लागलेला आहे ना याची खात्री करून. परत खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "देवाला उजेड तेवढाच आहे."

आता विचारतायत, पंख्याचं कसं मोजायचं.

---

सोल्डरगन:

फक्त पंखा चालू ठेवा, पाचवर. पंचाहत्तर वॅटचा असेल तर दर पंधरा सेकंदांना एक. आजींना नमस्कार सांगा.